मूळ पाठ आणि भाषांतर : बेल्जियमच्या राजभाषांचा इतिहास

एकाहून अधिक राजभाषा असलेल्या देशांची नावे आपल्याला सहज सांगता येतात. स्वित्झर्लंड, कॅनडा, फिनलंड, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, बेल्जियम. ही नावे वाचताना नकळत एक समज मनात रुजतो. या देशांनी आपल्या सर्व भाषांना समजूतदारपणे एकाच पंक्तीत बसवले असावे, आणि तेथील नागरिक दोन-तीन भाषांत लीलया वावरत असावेत, असे आपण गृहीत धरतो. इतिहास मात्र या समजाला फारसा दुजोरा देत नाही. बहुभाषिक राज्य म्हणजे बहुभाषिक माणसांचे राज्य नव्हे, हे यांपैकी कोणत्याही देशाचा इतिहास उघडला की ध्यानात येते.

आम्ही येथे बेल्जियमचा विचार करणार आहोत. डच, फ्रेंच आणि जर्मन या त्याच्या तीन राजभाषा. त्यांच्यातील झगडा जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि तो कायद्यांच्या रूपाने सालवार नोंदला गेला आहे. शिवाय या झगड्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परिचयाचा वाटावा असा आहे : दोन भाषांत एकच मजकूर असेल, तर मूळ पाठ कोणता आणि भाषांतर कोणते?

या इतिहासाचा आरंभ १८१५ साली होतो. नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्ना येथे युरोपची फेरमांडणी झाली आणि आजचा बेल्जियम नेदरलँड्सला जोडण्यात आला. राजा पहिला विल्यम याने उत्तरेकडील फ्लेमिश प्रांतांत डच ही शासनाची भाषा करण्याचा प्रयत्न केला. त्याच्या विरोधात जे असंतोषाचे वारे वाहू लागले त्यांत हे भाषाधोरण हे एक कारण होते; धर्म, कर आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य ही अन्य कारणे होती. १८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाला. १८३१ च्या राज्यघटनेने घोषित केले की देशात बोलल्या जाणाऱ्या भाषांचा वापर ऐच्छिक राहील, आणि सरकारी कामकाज व न्यायदान यांपुरतेच त्याचे नियमन करता येईल, तेही केवळ कायद्याने.

वरवर पाहता ही तरतूद उदारमतवादाचा नमुना वाटते. परंतु स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न येथे विचारावा लागतो. ज्या अधिकाऱ्याला फ्रेंच येत होते आणि फ्लेमिश येत नव्हते किंवा बोलायचे नव्हते, त्याला हे स्वातंत्र्य मिळाले. शेतकऱ्याला मात्र अधिकाऱ्याने आपल्या भाषेत उत्तर द्यावे, असा कोणताही हक्क मिळाला नाही. देशातील निम्म्याहून अधिक लोक डच भाषेची निरनिराळी रूपे बोलत असत. तरीही कायद्याचा अधिकृत पाठ केवळ फ्रेंच होता. डचमध्ये मिळे ते भाषांतर, आणि त्याला कायद्याचे बळ नव्हते. मतदानाचा हक्क तेव्हा लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का लोकांना होता, आणि हा वर्ग, मग तो गेंटमधला असो की लिएजमधला, फ्रेंच बोलणारा होता.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. त्या काळी भाषेची सीमा केवळ नकाशावर उत्तर आणि दक्षिण यांच्यामधून जात नव्हती. ती फ्लेमिश शहरांच्या घराघरांतूनही जात होती. दिवाणखान्यात फ्रेंच आणि स्वयंपाकघरात फ्लेमिश, अशी ती विभागणी होती. दक्षिणेतील सामान्य माणूसही जन्माने प्रमाण फ्रेंच बोलत होता असे नाही. तो वालून किंवा पिकार्द यांसारख्या बोली बोलत होता, आणि फ्रेंच त्याला शाळेतच शिकावी लागत होती. फरक इतकाच की त्याच्या बोलीपासून राज्याच्या भाषेपर्यंतचे अंतर थोडे होते; फ्लेमिश माणसाला ते अंतर तोडण्यासाठी आपली भाषाच मागे टाकावी लागे.

या परिस्थितीत फ्लेमिश चळवळीचा पहिला आधार साहित्य हा होता. अँटवर्पमध्ये १८१२ साली जन्मलेल्या हेन्ड्रिक कोन्सियाँस याने १८३८ मध्ये ‘फ्लँडर्सचा सिंह’ ही ऐतिहासिक कादंबरी लिहिली. त्याचे वडील फ्रेंच होते, ही बाबही लक्षणीय आहे. कोर्ट्राइक येथे ११ जुलै १३०२ रोजी फ्लेमिश शहरांच्या पायदळाने फ्रान्सच्या राजाच्या घोडदळाचा पराभव केला होता. तो या कादंबरीचा विषय. या लेखकाने आपल्या लोकांना वाचायला शिकवले असे त्याच्याविषयी म्हटले जाते. ११ जुलै हा दिवस आज फ्लेमिश समाजाचा अधिकृत सण आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथे थांबून विचार करावा लागतो. १३०२ ची लढाई भाषेसाठी झालेली नव्हती. फ्लेमिश बाजूच्या सेनानींत नामूरचा गी होता, आणि नामूर हा फ्रेंचभाषक प्रदेश. उलट डचभाषक ब्राबांतच्या राजघराण्यातला गॉडफ्री फ्रान्सच्या बाजूने लढत होता. सरंजामी निष्ठा आणि शहरांतील कारागीर संघांचे हितसंबंध यांची ती लढाई होती. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीने तिला भाषेच्या लढाईचा अर्थ दिला. भाषिक चळवळींना भूतकाळ हवा असतो, आणि तो पुष्कळदा कादंबरीकार पुरवतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकांना ही प्रक्रिया नवी नाही.

साहित्यक्षेत्रातील चित्र त्या काळी कसे विरोधाभासाचे होते, हेही पाहण्यासारखे आहे. शार्ल द कोस्टर याने १८६७ मध्ये उलेनस्पीगल या लोककथेतील पात्राला फ्लेमिश वीराचे रूप दिले, ते फ्रेंच भाषेत. एमिल व्हेरहारेन आणि मॉरिस मेटरलिंक हे दोघेही फ्लँडर्समध्ये जन्मले आणि दोघांनीही फ्रेंचमध्ये लिहिले. मेटरलिंक यांना १९११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साहित्याचे नोबेल मिळालेले ते आजवरचे एकमेव बेल्जियन लेखक. त्याच फ्लँडर्समध्ये गिडो गेझेल हा धर्मोपदेशक कवी पश्चिम फ्लेमिश बोलीचा आधार घेऊन कविता लिहीत होता. एकाच भूमीतून उगवलेल्या या दोन परंपरांपैकी एकीला पॅरिसचा वाचक लाभला आणि दुसरीला आपल्या गावाबाहेरचा वाचक मिळवण्यासाठी वाट पाहावी लागली. भाषेच्या दर्जाचा प्रश्न लेखकासाठी असा वाचकाचा प्रश्न होऊन येतो.

चळवळीला व्यापक रूप येण्यास न्यायालयातील एक प्रकरण निमित्त झाले. यान कूके आणि पीटर गूटाल्स या दोन फ्लेमिश माणसांना १८६० साली शार्लरुआ येथे खुनाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली आणि ती अमलातही आली. खटला फ्रेंचमध्ये चालला होता. पुढे एका दरोडेखोर टोळीच्या खटल्यात याच गुन्ह्याची वेगळी हकीकत समोर आली, आणि न समजणाऱ्या भाषेत दोन निरपराधांना मृत्युदंड मिळाला, अशी भावना फ्लँडर्समध्ये पसरली. इतिहासकारांनी या कथेचे काही तपशील नंतर तपासून सौम्य केले आहेत. तरी तिचा परिणाम खरा होता. १८७३ च्या कायद्याने फ्लेमिश भागातील फौजदारी न्यायालयांत डच भाषेला स्थान दिले. १८७८ मध्ये प्रशासनाविषयी आणि १८८३ मध्ये माध्यमिक शिक्षणाविषयी कायदे झाले. आरोपीचा पिंजरा, कचेरी, शाळा या क्रमाने डच भाषा राज्यात शिरली. हा क्रम बोलका आहे.

निर्णायक बदल मात्र सहानुभूतीने झाला नाही. तो मतपेटीने झाला. १८९३ साली सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. मालमत्ता आणि शिक्षण यांनुसार काहींना जादा मते होती, पण फ्लेमिश शेतकरी आणि कामगार प्रथमच मतदार झाला. पाचच वर्षांनी, १८९८ मध्ये, समानतेचा कायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा संमत झाला. यापुढे कायदे फ्रेंच आणि डच या दोन्ही भाषांत संमत आणि जाहीर व्हावेत, आणि दोन्ही पाठ अधिकृत असावेत, असे त्याने ठरवले. आमच्या मते बेल्जियमच्या भाषिक इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण होय. डचमध्ये कायदे त्याआधीही वाचायला मिळत होते. ते आता भाषांतर राहिले नाहीत, एवढाच बदल झाला, आणि तो एवढासा नव्हता. ज्या भाषेत राज्य मूळ पाठ लिहिते ती राजभाषा. ज्या भाषेत ते समजावून सांगते ती केवळ प्रजेची भाषा.

तथापि, खुद्द राज्यघटनेचा डच पाठ अधिकृत होण्यासाठी १९६७ साल उजाडावे लागले. जर्मन पाठाला तो दर्जा १९९१ मध्ये मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने ऑइपेन आणि आसपासचा जर्मनभाषक प्रदेश बेल्जियमकडे आला होता. म्हणजे तेथील नागरिकांनाही आपल्या देशाची घटना आपल्या भाषेत मूळ पाठ म्हणून वाचायला सुमारे सत्तर वर्षे थांबावे लागले.

कायद्यातील समानता व्यवहारात कशी आणायची, हा पुढचा प्रश्न होता, आणि येथेच बेल्जियमने जो मार्ग धरला तो समजून घेणे अगत्याचे आहे. तत्त्वतः दोन पर्याय होते. संपूर्ण देश द्विभाषिक करावा, म्हणजे प्रत्येक नागरिकाला कोठेही आपल्या भाषेत राज्याशी व्यवहार करता येईल. किंवा प्रत्येक प्रदेशाची एकच भाषा ठरवावी. कॅनडाने १९६९ च्या राजभाषा कायद्याने केंद्रीय संस्थांपुरता पहिला मार्ग स्वीकारला. बेल्जियममध्ये पहिला मार्ग फ्लेमिश पक्षाला अमान्य नव्हता, पण तो वालून पुढाऱ्यांनी नाकारला. त्यांची भीती निराधार नव्हती. सुशिक्षित फ्लेमिश माणसाला दोन्ही भाषा येत होत्या. वालून माणसाला एकच येत होती. सर्वत्र द्विभाषिक नोकरवर्ग हवा असे ठरले असते तर नोकऱ्या कोणाला मिळाल्या असत्या हे उघड होते. १९१२ मध्येच ज्यूल देस्त्रे या समाजवादी पुढाऱ्याने राजा आल्बर्टला उद्देशून जाहीर पत्र लिहिले होते. देशात वालून आहेत, फ्लेमिश आहेत, बेल्जियन मात्र कोणी नाही, असा त्या पत्राचा सूर होता.

दुसऱ्याची भाषा शिकण्याचा भार कोणी वाहायचा, हा बहुभाषिक राज्यातील कळीचा प्रश्न आहे. शंभर वर्षे तो भार एकट्या फ्लेमिश माणसाने वाहिला होता. तो दोघांत वाटून घेण्याची वेळ आली तेव्हा तो कोणीच वाहू नये असा तोडगा निघाला. १९३२ च्या कायद्यांनी उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच आणि ब्रुसेल्समध्ये दोन्ही, अशी प्रशासन आणि शिक्षण यांची विभागणी केली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९३० मध्ये, गेंटचे विद्यापीठ पूर्णपणे डच माध्यमाचे झाले होते. फ्लेमिश माणसाला आपल्या भाषेत उच्च शिक्षण मिळाले ते स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी. त्याआधी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मन आक्रमकांनी तेथे डच माध्यम आणले होते. शत्रूच्या हातून आलेल्या त्या दानामुळे ही मागणीच पुढे काही काळ देशद्रोहाच्या संशयाने डागाळली गेली.

प्रदेशाची भाषा ठरवायची तर सीमा आखली पाहिजे. आरंभी ती दर दहा वर्षांच्या जनगणनेवर सोडण्यात आली. गावातील बहुसंख्याकांची भाषा बदलली की गावाची भाषा बदले. परंतु फ्रेंच ही प्रतिष्ठेची आणि बढतीची भाषा असल्याने बदल बहुधा एकाच दिशेने होत असे, असा फ्लेमिश लोकांचा अनुभव होता. १९४७ च्या जनगणनेचे भाषिक आकडे प्रसिद्ध व्हायला १९५४ उजाडले, आणि त्यांमुळे ब्रुसेल्सच्या द्विभाषिक क्षेत्रात आणखी तीन उपनगरे सामील झाली. पुढील गणनेला अनेक फ्लेमिश नगराध्यक्षांनी नकार दिला. १९६१ मध्ये जनगणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकण्यात आला. आपल्या नागरिकांपैकी कोणती भाषा किती जण बोलतात, हे हा देश तेव्हापासून अधिकृतपणे विचारत नाही. भाषेच्या पायावर उभ्या असलेल्या राज्याने भाषेची मोजदाद करणे थांबवावे, यात विसंगती दिसते. पण मोजदाद हेच तेथे शस्त्र झाले होते.

१९६२ च्या कायद्याने भाषिक सीमा कायमची आखली. पश्चिमेकडील मुस्क्राँ आणि कोमिन हा भाग फ्रेंचभाषक प्रांताकडे गेला, तर पूर्वेकडील व्हूरेन ही सहा खेडी लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिम्बर्गला जोडण्यात आली. या सहा खेड्यांचा वाद पुढे पंचवीस वर्षे धुमसत राहिला, आणि डच भाषेचे ज्ञान सिद्ध करण्यास नकार देणाऱ्या तेथील नगराध्यक्षाच्या प्रश्नावरून १९८७ साली देशाचे सरकार कोसळले. सीमाभागातील माणसाला आपण कोणाचे हे दुसऱ्या कोणीतरी ठरवल्याचे शल्य कसे असते, ते मराठी वाचकाला विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

याच सुमारास आर्थिक पारडेही फिरत होते. एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि पोलाद यांच्या बळावर श्रीमंत झालेला दक्षिण भाग दुसऱ्या महायुद्धानंतर उतरणीला लागला. अँटवर्प बंदर आणि नवे उद्योग यांमुळे उत्तर भाग वर आला. सामर्थ्याची भाषा आणि संख्येची भाषा आता एकच झाली. पुढील घडामोडी समजण्यासाठी हे लक्षात ठेवावे लागते.

त्या घडामोडींत सर्वांत क्लेशकारक म्हणावी अशी घटना एका विद्यापीठात घडली. लूवेनचे कॅथलिक विद्यापीठ १४२५ साली स्थापन झाले. ते भाषिक सीमेच्या उत्तरेस, डचभाषक भागात होते, आणि तेथे दोन्ही माध्यमांतून शिक्षण दिले जाई. १९६० च्या दशकात फ्रेंच विभागाने दुसरीकडे जावे या मागणीने फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी १९६८ मध्ये या प्रश्नावर सरकार पडले. विद्यापीठ दुभंगले, आणि फ्रेंच विभागासाठी सीमेपलीकडे लूव्हँ-ला-नव्ह, म्हणजे ‘नवे लूवेन’, हे शहरच नव्याने वसवण्यात आले. तेथे १९७२ पासून विद्यार्थी येऊ लागले.

या विभाजनात ग्रंथालयाचीही वाटणी झाली. हे तेच ग्रंथालय, जे ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळले तेव्हा दोन लाखांहून अधिक ग्रंथ भस्मसात झाले आणि साऱ्या जगाने हळहळ व्यक्त केली. अमेरिकेतील देणग्यांतून ते पुन्हा उभे राहिले आणि मे १९४० मध्ये सुमारे नऊ लाख ग्रंथांसह दुसऱ्यांदा जळाले. दोनदा राखेतून उठलेल्या या संग्रहाचा मोठा भाग ग्रंथावरील क्रमांक सम की विषम, या कसोटीवर दोन विद्यापीठांत विभागला गेला. क्रमांकाला भाषा नसते, म्हणून ही कसोटी निःपक्षपाती होती यात शंका नाही. पण ग्रंथालयाची वाटणी निःपक्षपातीपणे करता येते म्हणून ती करण्याजोगी असते, असे आम्हांस वाटत नाही. शेजारच्या कपाटातील न वाचलेले पुस्तक हाताशी असणे यालाच ग्रंथालय म्हणतात.

त्यानंतर विभाजनाची साखळीच सुरू झाली. ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी हे तिन्ही मोठे राष्ट्रीय पक्ष १९६८ ते १९७८ या दहा वर्षांत भाषेवरून दुभंगले. १९७० पासून घटना टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि १९९३ मध्ये बेल्जियम संघराज्य झाला. घटनेनुसार देशात चार भाषाक्षेत्रे आहेत : डच, फ्रेंच, जर्मन आणि ब्रुसेल्सचे द्विभाषिक. शिक्षण आणि संस्कृती हे विषय भाषिक समाजांकडे आहेत. २०१० च्या निवडणुकीनंतर पूर्ण अधिकाराचे सरकार स्थापन होण्यास ५४१ दिवस लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्ट द वेव्हर हे फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाचे नेते त्याच देशाचे पंतप्रधान झाले.

या इतिहासाला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. भाषेच्या एवढ्या दीर्घ झगड्यात यादवी युद्ध झाले नाही. श्रीलंकेत १९५६ च्या केवळ सिंहली या कायद्यानंतर जे घडले ते आठवले म्हणजे या शांततेचे मोल कळते. सत्तर-ऐंशी हजार जर्मनभाषकांच्या छोट्या समाजालाही स्वतःची विधानसभा आहे. कोणत्याही भाषेचा नागरिक आपल्या राज्यघटनेचे भाषांतर वाचत नाही; तो मूळ पाठ वाचतो. ही सिद्धी लहान नव्हे.

परंतु तिची किंमतही पाहिली पाहिजे. दोन्ही पाठ मूळ झाले तेव्हा दुसरा पाठ वाचण्याची गरज उरली नाही. ह्यूगो क्लाउस यांची ‘बेल्जियमचे दुःख’ ही कादंबरी १९८३ मध्ये डच भाषेत अ‍ॅमस्टरडॅम येथून प्रसिद्ध झाली आणि तिचे फ्रेंच भाषांतर १९८५ मध्ये पॅरिसमध्ये निघाले. ज्या देशाचे नाव शीर्षकात आहे त्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठी पुस्तकाला दोन परकीय शहरांतून प्रवास करावा लागला. साहित्याचे अभ्यासक या नात्याने आम्हांला हे उदाहरण शासकीय आकडेवारीहून अधिक सांगणारे वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप निराळे असले तरी तो अस्तित्वात आहे. भारताच्या राज्यघटनेचा हिंदी प्राधिकृत पाठ १९८७ च्या अठ्ठावन्नाव्या घटनादुरुस्तीने शक्य झाला. अनुच्छेद ३४८ नुसार, राज्य विधिमंडळाने आपल्या भाषेत संमत केलेल्या कायद्याचे राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर हा त्या कायद्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे मराठीत विधेयक मांडले, मराठीत चर्चा झाली, मराठीत संमत झाले, तरी उच्च न्यायालयाच्या दारात त्याच्यासोबत त्याचे भाषांतर उभे असते. मराठीला राजभाषेचा दर्जा आहे असे आपण म्हणतो तेव्हा यांतले नेमके काय अभिप्रेत असते, याचा विचार भाषेच्या शिक्षकांनी तरी करावयास हवा.

बेल्जियमच्या इतिहासातून दोन गोष्टी एकत्रच घ्याव्या लागतील. आपल्या भाषेतला पाठ मूळ ठरावा यासाठी झगडणे योग्य आहे, आणि तो दर्जा मागितल्याविना, मताचे बळ असल्याविना मिळत नाही. मात्र कायदा भाषेला दर्जा देतो, वाचक देत नाही. आपल्या सीमेपलीकडची भाषा वाचणारा वाचक घडवण्याचे काम कोणत्याही घटनेने कोणावर सोपवलेले नाही. ते भाषा शिकवणाऱ्यांच्या वाट्याला आपसूक येते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण कन्नड, तेलुगू किंवा गुजराती साहित्य त्या त्या भाषेत वाचू शकतात, हा प्रश्न आम्ही आमच्या विभागांतून विचारू लागलो तरी या इतिहासाच्या वाचनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.